ठिपक्यांच्या जगात सुहास कोण होता

दादा, तू गेलास तेव्हा आपलं भांडण अर्ध्यावर होतं. अर्धं भांडण टाकून उठणं तुझ्या स्वभावात नव्हतं. जेवताना वाद निघाला तर हात वाळून कोरडे होईपर्यंत पाटावरून हलायचा नाहीस. आणि या वेळी मात्र मला उत्तर न देताच मांडवीच्या जेटीवर मासे धरायला गरी टाकून बसलास आणि बसल्या बसल्या गेलास. तुला रिक्षातून आणणारी माणसं सांगत होती, गरी पाण्यातच होती म्हणून. मेल्या, असं कुणी जातं? बघ, जिभेला सवय. लहानपणापासून तुला हाक मारायचा हा शब्द, आता तोंडातून निघाला की माझी मीच गप्प होते.

तेरावं झालं. माणसं येऊन गेली. तू किती बंदरं पाहिलीस, लग्न न करता बहिणीच्या संसाराला कसा धरून राहिलास, बोटीवर तुला किती मान होता, सगळं बोलून झालं. पण हा माणूस सगळं जग खोटं आहे म्हणायचा, हे काही कुणी बोललं नाही. खोटं हा शब्द माझा. तू म्हणायचास, "खोटं नाय गो बाय, चालवलेलं."

ते खूळ तू सिंगापुरातून आणलंस. सुट्टीला आमच्या भाट्याच्या वरच्या कातळसड्यावरच्या घरी यायचास, तेव्हा तुझ्या पेटीतून साडी निघायची, सेंटची बाटली निघायची, माझ्या कलमांसाठी जपानी पातीचा चाकू निघायचा. त्या वर्षी एक चपटं यंत्र निघालं, टाईपरायटरसारखी बटणं असलेलं. कॉम्प्युटर म्हणालास. आमच्या ह्यांना वाटलं, कॅलक्युलेटरचीच मोठी जात असेल. तू ते टीव्हीला जोडलंस, बाजूला टेपरेकॉर्डर ठेवलास, आणि पडद्यावर ठिपके आले. बोटीवर तू रेडिओ ऑफिसर. कानाला यंत्र लावून टिंबं आणि रेघा ऐकायच्या, त्यांची अक्षरं करायची, अक्षरांचे निरोप करायचे, हे तुझं रोजचं काम. घरी आल्यावरही तुला ठिपकेच सुचावेत याचं मला हसू आलं होतं.

तू सांगितलंस ते मला अजून पाठ आहे. पडदा सगळा चौकटींचा. चौकटीत ठिपका आहे, नाहीतर नाही. आजूबाजूला शेजारी फार कमी असले तर ठिपका एकटा पडून मरतो, फार झाले तर गुदमरून मरतो, बेताचे असले तर तगतो, आणि कधी रिकाम्या जागी नवा जन्माला येतो. "आमच्या वाडीचंच चित्र काढलंस की," मी म्हटलं. तू बटण दाबलंस. ठिपके हलायला लागले. काही जागच्या जागी लुकलुकत बसले, काही विझले, आणि पाचजणांचं एक टोळकं चक्क पाय उचलत तिरकं तिरकं निघालं, पडद्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलं. मी चूल सोडून बघत बसले होते. आमटी करपली.

"ह्यांना कोण चालवतंय?" मी विचारलं.

"कुणीच नाय. मी नियम दिले आणि हात काढून घेतला. आता ह्यातला एखादा शहाणा झाला, विचार करायला लागला, तर त्याला टीव्ही दिसेल? तू दिसशील, मी दिसेन?"

"कसे दिसणार? तो आतला."

"मग त्याला काय दिसेल? नियम दिसतील. शेजारी इतके झाले की मरण, इतके झाले की जन्म. तो म्हणेल, जग असंच असतं बुवा. आपले शास्त्रज्ञ दुसरं काय करतात? दगड खाली का पडतो, उजेड किती जोरात धावतो. सगळे नियम. आणि उजेडाच्या पुढे कुणी धावायचं नाय, असाही एक नियम आहे, ठाऊक आहे? कुणी घातली ही मर्यादा? ह्या खोक्यालाही आहे. ह्याला ठरलेल्या वेगाच्या पुढे पळवता येत नाय."

मी म्हटलं, एवढ्याशा डब्यात कुठं समुद्र मावतो? तर म्हणालास, पहिल्या बोटीवर तुझ्या खोलीतली यंत्रं गोदरेजच्या कपाटाएवढी होती, आणि आता त्याहून जास्त अक्कल असलेलं यंत्र तू काखेत मारून आणलंस. तुझ्या एका नोकरीत एवढा फरक. मग माणसाला आणखी हजार वर्षं मिळाली तर? तेव्हाच्या माणसांना सबंध गाव करता येईल, गावातली माणसं करता येतील, आणि त्या माणसांना आपण केलेले आहोत हे कळणारही नाही. "आणि करता आलं की माणूस करतोच गो. हौसेनं करील, नाटक म्हणून करील, आपले पूर्वज कसे जगले बघायला करील. एकदा नाय, दहादा करील."

तेवढ्यात लाईट गेली. सड्यावर लाईट जायला काही कारण लागत नाही. सगळे ठिपके गेले, पडदा काळा. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. ते तिरकं चालणारं टोळकं कुठं गेलं विचारलं तर तू टेपरेकॉर्डरवर थोपटून म्हणालास, "इथं आहे. मघाशीच ठेवलंय." लाईट आल्यावर टेप लावलीस, ती बराच वेळ किर्र किर्र वाजली, आणि ते टोळकं जिथं होतं तिथून पुढं चालू लागलं. "आता ह्यांना कळलं काय, मधे अंधार झाला होता ते? ह्यांच्या लेखी एक पाऊल टाकलं नि दुसरं टाकलं. आपलीही लाईट मधे मधे जात असेल, बाय. कधी दिवसभर, कधी वर्षभर. आपण घास तोंडाशी नेलेला असतो आणि पुढच्या क्षणाला खातो." त्या दिवशी भाताचा घास हातात धरून मी जरा थांबले होते, हे तुला कळू दिलं नाही. तू खूश होऊन आणखी तासभर बोलला असतास.

माझ्याकडेही उत्तरं होती. तू एकदा म्हणालास, बारीकात बारीक कणांचं असं असतं म्हणे, कुणी बघेपर्यंत त्यांचं इकडे की तिकडे ते ठरतच नाही, बघितलं की ठरतं. मशीनमधली जागा वाचवायची असेल तर अगदी असंच करावं लागेल, बघणाऱ्यापुरतं काढायचं, पाठीमागचं पुसून टाकायचं. मी म्हटलं, म्हणजे मी पाठ फिरवली की परसातला फणस नसतो? मग घमघमाट कुणाचा सुटतो? तू इतका हसलास की तुला ठसका लागला. "नाकानं बघितलंस गो तू," म्हणालास. वर मलाच दाद दिलीस की आक्षेप चांगला होता. तुझ्याशी हरायलासुद्धा बरं वाटायचं.

आणि दादा, एक सांगायचं राहिलंच. सुहास गेल्यापासून माझ्याशी सगळे हळू बोलतात. सुहास माझा एकुलता, नऊ वर्षांचा, लाल इंगळी, तो विषारी विंचू, चावून गेला. त्यानंतर मी जवळ गेले की बायकांची कुजबूज थांबते. हे माझ्यापुढे कधी आवाज चढवत नाहीत. मी चूक बोलले तरी कुणी चूक म्हणत नाही. एकटा तू भांडत राहिलास. टेबलावर मूठ आपटून म्हणायचास, "चूक! साफ चूक बोलतेस!" मला वाटायचं, चला, मी अजून जिवंत आहे, माझ्यावर कुणीतरी ओरडतंय. हे तुझे उपकार. ते कधी बोलून दाखवले नाहीत, तू लगेच शेफारला असतास.

पण एवढ्या सुट्ट्यांत तू एकदाही मला सुहासबद्दल विचारलं नव्हतंस, तेही खरं. तो गेला तेव्हा तू भर समुद्रात होतास. मग कित्येक महिन्यांनी आलास, पेटी उघडलीस, यंत्र काढलंस. कसा गेला, काय झालं, शेवटी काय बोलला, काही नाही. सुट्टी संपली, गेलास, पुन्हा आलास, पुन्हा तेच. मामाच्या पायात पायात नाचणारं पोर ते. तुझ्या कानाचं यंत्र कानाला लावून घरभर टिक टिक करत फिरायचं. त्याचं नाव निघालं की तू उठून विहिरीवर पाणी काढायला जायचास. मी हे सगळं मनात धरून होते.

म्हणून ह्या श्रावणात स्फोट झाला. मी पडवीत कोय कलमं बांधत होते. तांबूस कोवळं रोप मधोमध चिरायचं, त्यात हापूसची काडी बसवायची, वरून पट्टी गुंडाळायची. तू समोर बसून प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून देत होतास. म्हणालास, "बाय, अख्ख्या रत्नागिरीत हापूस किती असेल? आणि त्यातलं मूळ झाड किती? एक, असलं तर कुठंतरी. बाकी सगळी कलमं, कलमांची कलमं. आता डोळे मिटून कुठल्याही बागेत शिर आणि हाताला लागेल ते झाड धर. ते मूळ असेल की कलम?"

"कलम. त्यात काय विचारायचं?"

"पण त्या झाडाला विचारलंस तर ते काय म्हणेल?"

"झाडाला विचारायला मी तुझ्यासारखी रिकामी नाही."

"म्हणेल, मीच मूळ! मला पालवी येते, मोहोर येतो, वारा लागतो. सांधा बुंध्याशी असतो, मातीला टेकलेला, त्याला तो दिसत नाय. आपलं तेच आहे. खरं जग असलं तर एक असेल. केलेली मोजता येणार नाहीत इतकी. मग आपण नेमके त्या एकातले, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

तुझ्या सगळ्या म्हणण्यात हे मला सर्वांत पटलं, आणि पटलं म्हणूनच मी घाबरले. मी म्हटलं, कलमाचा आंबा काही मेणाचा नसतो, खाताना कोपरापर्यंत ओघळ येतो. तू म्हणालास, फळ खोटं असं मी कुठं म्हणतोय. मग मात्र माझा हात थांबला. मी विचारलं, "हे सगळं कुणी चालवत असेल, तर त्यात इंगळी त्यानं कशाला घातली?"

तू पट्ट्यांकडे बघत म्हणालास, "त्यानं नियम घातले असतील. इंगळी आपोआप झाली असेल."

"मग थांबवायचं! बटण आहे ना त्याच्यापाशी? नऊ वर्षांचं पोर घामानं भिजून थंड पडतंय हे दिसत नाही त्याला?"

तू हळूच म्हणालास, "कुठंतरी ठेवलेला असेल गो तो. टेपवर असतो ना, तसा. कुणीतरी पुन्हा लावील."

माझं डोकंच फिरलं. "मला ठेवलेला नको. तो गेलाय. माझ्या मांडीवर गेलाय. तू नव्हतास! इतकी वर्षं ठिपके दाखवतोयस मला. आज एवढंच सांग, तुझ्या ह्या जगात माझा सुहास खरा होता की नव्हता? हो की नाही?"

तू कात्री खाली ठेवलीस. मग छत्री घेतलीस आणि घाटी उतरून मांडवीला आपल्या जुन्या घरी गेलास. मी बोलले ते बोलले, त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू चहाला आलास, मासळीची पिशवी हातात, ताजे बांगडे. जेवताना बांगड्याचं तिखलं झक्क झालंय म्हणालास, दोनदा भात घेतलास. तो विषय तू काढला नाहीस, मीही नाही. मला वाटलं, सुट्टी पडली आहे अजून. तुझ्या तोंडून हो की नाही काढल्याशिवाय मी काही तुला बोटीवर जाऊ देणार नव्हते. आणि मग जेटीवरून रिक्षा आली.

तुझ्या दिवसांत मी फार रडले नाही. लोकांना वाटलं, बाई दगड झाली. मला राग आला होता. माझ्या पोराला ठिपक्यांत जमा करून हा निघून गेला, आता मी कुणाला विचारू? त्या रागात तुझ्या मशीनवर गोणपाट टाकलं आणि ते माळ्यावर नेऊन ठेवलं.

काल दुपारी इब्राहीमभाई आले. राजिवड्याचे, तुझ्या बोटीवर सारंग, खलाशांचे मुकादम होते ते. तू गेल्याचं त्यांना उशिरा कळलं. पडवीत टेकले, चहा घेतला, निघता निघता घुटमळले. "ताई, एक गोष्ट आहे. सांगावी की नाय, कळत नाय." मी म्हटलं, सांगा. आता मला आणखी काय व्हायचंय.

"तुमच्या पोराची खबर आली ना बोटीवर, तेव्हा मी तिथंच होतो. माझ्या घरचा निरोप आहे काय विचारायला साहेबांच्या खोलीत गेलेलो. साहेब कानाला लावून लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले. मग त्यांनी खटखट करून काहीतरी धाडलं. म्हटलं, काय झालं साहेब? म्हणाले, निरोप चुकलाय, पुन्हा मागवलाय. पुन्हा आला, तोच. म्हणाले, हवा खराब आहे, आवाज फुटतोय. ताई, हवा एकदम साफ होती, दर्याला लाट नव्हती. परत मागवला. परत तोच. मग म्हणाले, ह्या स्टेशनचा माणूस कच्चा आहे, दुसऱ्या स्टेशनकडून घेतो. कॅप्टन आले, म्हणाले, आता पुरे, ठेव ते खाली. साहेब म्हणाले, निरोप पक्का झाल्याशिवाय मी सही करणार नाय. आणि नाय केली, ताई. पुढं कितीतरी दिवस ते फिरून फिरून विचारायचे, चूक दुरुस्तीचा निरोप आला काय म्हणून. दुसऱ्या कुणाला नाय, त्या यंत्रालाच."

ते म्हणाले, "आम्हा सगळ्यांच्या बऱ्यावाईट खबरा साहेबांच्या हातून यायच्या. माझी अम्मा गेली तो निरोप त्यांनीच लिहून घेतला. पण नुसता कागद नाय पाठवला. स्वतः खाली आले, माझ्याजवळ बसले, तोंडानं सांगितलं. त्यांचा निरोप आला तेव्हा त्यांना सांगायला बोटीवर दुसरं कोण होतं?"

दादा, ह्यांनी इथून मुंबईला तुझ्या कंपनीत ट्रंक कॉल लावला, कंपनीनं बोटीला कळवलं, एवढंच मला ठाऊक होतं. बोटीला कळवलं म्हणजे तुला कळवलं, तुझ्याच कानात, एकेक अक्षर करून, आणि ते जोडून वाचायलाही तूच, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. सुचलं असतं तर तू विहिरीवर उठून जायचास तेव्हा मी तुझ्या मागोमाग आले असते.

इब्राहीमभाई गेल्यावर मी पडवीतच बसून राहिले आणि तुझ्यासाठी पोटभर रडले. तू माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाहीस असं मला वाटत होतं. उत्तर तर तू बोटीवरच देऊन बसला होतास. ठिपक्यासाठी कुणी तीन-तीनदा निरोप मागवत नाही. तो तुझ्या लेखी इतका खरा होता की त्याचं जाणं तुला मान्य करता येईना, म्हणून मग तू सगळं जगच उलटंपालटं करून पाहिलंस, कुठं एखादी फट सापडते का ते. भेटतोय का तो कुठं, एवढंच शोधत होतास. आणि मी समजले की तुला शास्त्राचं वेड लागलंय.

तुला तोंडानं सांगणारं माणूस हवं होतं. मी होते की. तू विचारलं नाहीस आणि मीही आपणहून सांगितलं नाही. आता सांगते, ऐक.

संध्याकाळची वेळ होती. न्हाणीजवळ लाकडं रचली होती, त्यातलं एक काढायला तो वाकला. हात धरून माझ्याकडे आला, "आई, काहीतरी चावलं." रडला नाही. थोड्या वेळानं कपाळावर घाम, मग अंगभर घाम, शर्ट पिळावा इतका, आणि हातपाय गार. चिरे नेणारा ट्रक रस्त्यावर उभा होता, त्यातून निघालो. माझ्या मांडीवर डोकं होतं. भाट्याचा पूल लागला तेव्हा समुद्राकडे बघून त्यानं विचारलं, "मामा कधी येणार?" मी म्हटलं, "निघालाय रे, येतोय." त्याला ते बरं वाटलं. डॉक्टरांनी हातात होतं ते सगळं केलं. त्याला धाप लागली, आणि ती वाढत गेली. उजाडण्याआधी तो गेला. हात माझ्या हातात होता. मी त्याच्याजवळ होते, दादा. तो एकटा नव्हता.

निरोप बरोबर होता. आता पुन्हा मागवू नकोस.